छगनची नळी

श्रावण अर्ध्यावर आला की आमचा किनारा भांडखोर होतो. माणसं तीच असतात, पण दोन-अडीच महिने दर्यावर न गेलेले हात शिवशिवतात. जाळ्याच्या दोरीवरून, होडी लावायच्या जागेवरून, कुणाच्या कुत्र्यानं कुणाच्या जाळ्यावर पाय वर केला यावरून डोकी फुटतात. समोर दर्याही त्याच तालाचा. आषाढभर त्यानं किनाऱ्याला बडवलेलं असतं. सुरूची उभी झाडं उपटून आडवी टाकलेली, एका भरतीला खाल्लेली वाळू दुसऱ्या भरतीला ओकलेली. चिखल्यापासून वर झाईपर्यंत कुठंही उभे राहा, मुळं वर केलेले बुंधे दिसतील. मी नव्वदी ओलांडली, तरी हा महिना आला की माझ्या मुठी आपोआप वळतात. हाडं दुखतात म्हणून वळतात असं सून म्हणते. म्हणू दे.

या वर्षी मात्र मूठ वळली ती खरोखर कुणाला तरी मारायला. गेल्या आठवड्यात बंदरावर एक जण आपल्या फायबरच्या होडीत तेलाची नळी बसवत होता. नळी गळत होती. शेजारच्या होडीतला खलाशी हसला आणि म्हणाला, “काय रे, छगनची नळी बसवलीस काय?” सगळे खदखदले. आमच्या वाडीत ही म्हणच आहे. सुताराचं दार बसेना, छगनची नळी. पाण्याचा नळ गळला, छगनची नळी. भाकरी करपली तरी छगनची नळी. बोलणाऱ्यांतल्या एकानंही छगनला पाहिलेलं नाही. छगन हे माणसाचं नाव आहे हेसुद्धा कित्येकांना ठाऊक नसेल. मी त्या खलाशाची गचांडी धरली. तो पंचवीस वर्षांचा. त्यानं माझा हात हळूच सोडवला आणि बाजूला केला, खांद्यावर पडलेलं पान बाजूला करावं तसा. वर म्हणाला, “बसा बाबा, चक्कर येईल.”

तेव्हापासून जेवतो, पण चव लागत नाही. ही म्हण कुठून निघाली ते ठाऊक असलेला मी एकटा उरलो आहे. मी गेलो की ती कायमची खरी होणार. म्हणून लिहायला बसलो. माझं शिक्षण मराठी चौथी, तीही अर्धी मास्तरांच्या छडीनं आणि अर्धी दर्यानं पुरी केलेली. हात दोरी ओढायला झालेले आहेत. अक्षर वाकडं येईल. मजकूर सरळ आहे.

राज्यं वेगळी झाली त्या सालचा तो पावसाळा. उंबरगाव तिकडं गेलं, तलासरी इकडं राहिली. रेघ कागदावर पडली, पण उमटली माणसांच्या तोंडात. कालपर्यंत अर्धं मराठी, अर्धं गुजराती बोलून एकाच बाजारात मासळी विकणारे आम्ही ‘तुमचं राज्य, आमचं राज्य’ म्हणायला लागलो. ज्यांनी कधी नकाशा पाहिला नव्हता ते नकाशावरून भांडू लागले. मीही भांडलो. मला तर कारणही लागत नसे.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि तांडेल होतो. होडी कुठल्या वाऱ्यानं न्यायची, जाळं कुठं टाकायचं, परत कधी फिरायचं, हे सगळं तांडेलाच्या तोंडून निघतं आणि इतरांनी ते ऐकायचं असतं. वडील गेल्यावर वाडीतल्या म्हाताऱ्यांनी माझ्या हातात सुकाणू दिलं, कारण वाऱ्याचा मला आधी वास यायचा. खोटं नाही सांगत. उत्तरेचा वारा सुटायच्या आधी हवेला लोखंडासारखा वास येतो, दक्षिणेच्या आधी ओल्या गोणपाटासारखा. आमच्या होडीचं नाव ‘हिराई’, आईच्या नावावरून. एक डोलकाठी, एक तिरकं शीड, पाच माणसांना पुरेल एवढी. तिच्या फळीफळीला मी ओळखत होतो. कुठली फळी थंडीत कुरकुरते आणि कुठली उन्हात, ते मला झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

दर्यावरची मारामारी मला आवडायची, हेही सांगून टाकतो. दक्षिणेकडच्या गावाच्या होड्या आम्ही दर्यात ठोकलेल्या खुंटांवर जाळी बांधायला यायच्या. मग बांबूनं बांबू वाजायचे. माझ्या डाव्या कानाच्या वर अजून बोटभर खाच आहे, तिथं केस येत नाहीत. जखम खाऱ्या पाण्यानं धुवायची, हळद दाबायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच खुंटावर जायचं. मारणारा समोर दिसायचा. वाराही तसाच. तो मारतो, पण आधी आभाळ काळं करून सांगतो. आमची सगळी अक्कल समोरून येणाऱ्या माराची होती.

इंजीन आणायचं वेड माझ्या धाकट्या भावाचं, नथूचं. त्या चैत्रात एकदा वारा पडला आणि आम्ही दुपारभर दर्यावर खोळंबलो. घोळ माशांनी जाळं भरलेलं, आणि मासळी डोळ्यांदेखत मऊ पडत होती. डहाणूची एक इंजिनाची होडी आमच्या बाजूनं धक धक करत गेली, मासळी उतरवून परत आली, आम्ही तिथंच. तिच्यावरच्या माणसानं आम्हांला दोर दाखवला, ओढून नेऊ का म्हणून. नथू म्हणाला, घेऊ या. मी त्याच्या पाठीत वल्हं घातलं. त्यानं उलटा हात उचलला नाही. नुसतं बघितलं, आणि घरी आल्यावर आईला सांगितलं की इंजीन आणल्याशिवाय मी या होडीत पाय ठेवणार नाही. आई त्याच्या बाजूनं झाली. तांडेल मी, पण आई म्हणजे होडीचं नाव. त्यापुढं माझं चालेना.

इंजीन मुंबईहून आलं, जुनं, पेट्रोलवर चालणारं, रेड्याच्या डोक्याएवढं. ते बसवायला उंबरगावहून छगन मिस्त्री आला. काटकुळा माणूस, खाकी अर्धी चड्डी, खांद्यावर तेलकट फडकं. त्याला सगळ्या गोष्टींचा वास घ्यायची खोड होती. लाकूड हुंगायचा, नळीचं तोंड हुंगायचा, स्वतःची बोटं हुंगायचा. मी वाऱ्याचा वास घेणारा, हा तेलाचा. मला ते रुचलं नाही. त्याची दुसरी एक खोड मी नंतर कित्येक वर्षं आठवत राहिलो. विडी ओढत यायचा, पण होडीपासून पंचवीस-तीस पावलांवर थांबून ती पेटती विडी वाळूत उभी खोचायचा आणि मग होडीवर चढायचा. काम करून खाली उतरला की वाळूतली विडी काढून पुन्हा तोंडात. तोवर ती विझलेली असायची. आम्ही हसायचो. नथू हसत नसे.

टाकी त्यानं मागच्या फळ्यांखाली बसवली. दोन लाकडी ओंडक्यांवर, लोखंडी पट्ट्यांनी आवळून, इंजिनापासून हातभर लांब. टाकीच्या माथ्यातून करंगळीएवढी तांब्याची नळी काढली, ती होडीच्या मागच्या अंगाला बाहेर आणली आणि तिचं तोंड बदकाच्या मानेसारखं खाली वाकवलं, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून. मी विचारलं, हे कशाला. तो आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला, टाकीला पण श्वास लागतो. तेल वापरलं की आत हवा गेली पाहिजे, ऊन लागलं की तेल फुगतं, त्याची वाफ बाहेर आली पाहिजे. वाफ होडीच्या आत नको, बाहेर पाहिजे. पेट्रोलची वाफ जड असते, पाण्यासारखी तळाशी जाऊन बसते, दिसत नाही. मग माझ्याकडं बघून हळू म्हणाला, “ए नळी बंध नई करवानी, भाई. कोई दिवस नई.”

कुणी मला ‘कधीच नाही’ म्हटलं की माझ्या मानेची शीर ताठते. आजही ताठते.

आता आमची रीत सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. पावसाळ्याच्या तोंडावर होडी वर ओढून झावळ्यांनी शाकारायची. त्याआधी तिचं प्रत्येक भोक बुजवायचं. पाणी काढायचं भोक, दोरीचं भोक, खिळा निघाल्याचं भोक. काथ्याचा घट्ट बोळा करायचा, राळेत बुडवायचा, ठोकून बसवायचा आणि वरून डांबर फासायचं. उघड्या भोकातून पाऊस शिरतो, उंदीर शिरतात, विंचू शिरतात, आणि म्हाताऱ्या म्हणायच्या, त्याहून वाईटही काही शिरतं. भोक उघडं ठेवून होडी पावसाला देणारा तांडेल नालायक. माझ्या आज्यानं एका भोकावरून वडिलांना वाळूत लोळवून मारलं होतं. हे बोळे तांडेलानं स्वतःच्या हातानं मारायचे असतात, दुसऱ्यानं नाही.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला मी बोळे मारत मारत मागच्या अंगाला आलो. बदकाची मान समोर होती. तिच्यातून पेट्रोलचा घाण वास येत होता. माझ्या होडीला आजवर लाकडाचा, डांबराचा, मासळीचा वास होता. नथू जवळच झावळ्या बांधत होता. मी नळीत बोळा घातलेला त्यानं पाहिला आणि म्हणाला, “दादा, मिस्त्री नको म्हणाला होता.” मी म्हटलं, “मिस्त्री इंजिनाचा. होडीला कुठं भोक ठेवायचं ते मी ठरवणार.” आणि लाकडी हातोड्यानं तीन ठोके दिले. पहिला नळीला, दुसरा मिस्त्रीला, तिसरा नथूला. वरून डांबराचं बोट फिरवलं. काळ्या फळीवर काळी नळी, दिसेनाशी झाली.

पाऊस त्या वर्षी जनावरासारखा आला. शेजारच्या दोन घरांच्या भिंती बसल्या. ओढ्यातून वाहत आलेली म्हैस किनाऱ्यावर तीन दिवस फुगत पडली होती, आणि दर्या तिला आत घ्यायचा अन् परत आणून आपटायचा. मी ते बघत बसायचो. घरात बसलेला कोळी आणि दावणीला बांधलेला बैल सारखेच. त्या महिन्या-दोन महिन्यांत मी तीन जणांशी हातघाईवर आलो, एकाचा दात पाडला, आणि तिन्ही वेळा भांडण राज्यावरून सुरू झालं होतं.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आम्ही झावळ्या काढल्या, होडीला माशाचं तेल लावलं, नवा रंग दिला. दुपारी नथू पेट्रोलचा डबा घेऊन आला. टाकी भरायच्या आधी त्यानं विचारलं, “दादा, नळीचा बोळा काढलास ना?”

इतर सगळे बोळे मी सकाळीच काढले होते. तो एक राहिला होता. विसरलो म्हणून राहिला असं मी साठ वर्षं मनाला सांगत आलो. खरं असं की त्यानं विचारेपर्यंत विसरलो होतो. विचारल्यावर आठवलं, आणि तो धाकटा असून विचारतो म्हणून मी काढला नाही. “तांडेल कोण आहे?” एवढंच म्हणालो. माझ्या तांडेलपणावर त्याचा विश्वास होता. त्यानं टाकी गळ्यापर्यंत भरली. मी मनात म्हटलं, उद्या काढू, कुणी बघत नसताना.

पौर्णिमेला ऊन पडलं. चार दिवस पाऊस ओतल्यावर जे ऊन पडतं ते चाबकासारखं असतं. होड्यांच्या फळ्यांतून वाफा निघत होत्या. सकाळपासून दुपारपर्यंत ती गच्च भरलेली टाकी त्या उन्हात फळ्यांखाली तापत होती. आतलं तेल फुगत होतं आणि त्याला जायला वाट नव्हती. मग त्यानं झाकणाच्या चामड्याच्या वायसरमधून वाट काढली. थेंब थेंब तळाशी, आणि थेंबाची वाफ. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा होडीला ताज्या रंगाचा आणि माशाच्या तेलाचा एवढा वास येत होता की वाऱ्याचा वास घेणाऱ्या माझ्या नाकाला पेट्रोल लागलं नाही.

पूजेला सगळी वाडी जमली. बायका गाणी म्हणत होत्या, आईनं होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेला, हळदकुंकू लावलं. धुपाटण्यात निखारे लाल झालेले, त्यावर धूप. आमच्यात धूप नाळेपाशी दाखवतात, संपलं. पण आई म्हणाली, इंजीन आपल्या घरात नवं आलंय, त्याचा हा पहिला सण, त्यालाही दाखव. नथू धुपाटणं घेऊन होडीत चढला. आनंदानं चढला. त्याचं इंजीन होतं ते.

छगनला आम्ही पूजेचं आमंत्रण दिलं होतं. तो नेमका तेव्हा पोचला. मी पाहिलं, तो पंचवीस-तीस पावलांवर थांबला, विडी वाळूत खोचली, आणि सवयीनं मान वर करून हवा हुंगली. मग तो पळतच सुटला, दोन्ही हात हलवत, आग बाहेर, आग बाहेर. बायकांचं गाणं थांबलं. मला वाटलं, हा परक्या राज्याचा माणूस माझ्या आईच्या पूजेत आडवा येतो. मी पुढं झालो, त्याची बंडी छातीवर धरली आणि त्याला जागीच उभा केला. म्हटलं, पूजा होऊ दे.

त्याचं तोंड माझ्या तोंडासमोर होतं. त्याच्या डोळ्यांत मला आधी उजेड दिसला. मग पाठीवर हवेनंच गुद्दा मारला.

आवाज आठवत नाही. मागच्या फळ्या पत्रावळीसारख्या उडाल्या ते आठवतं. डोलकाठी सावकाश कलंडली. नथू होडीच्या बाहेर वाळूत पडला होता आणि त्याच्या अंगावर आग अशी चिकटली होती जशी ओली वाळू चिकटते. त्याच्यावर ओली वाळू पहिल्यांदा टाकली ती छगननं. ओंजळींनी टाकत होता, ओरडत होता की पाणी नको, रेती, रेती. मी धावलो, नथूला लोळवला, माझे हात कोपरापर्यंत भाजले. त्या हातांवर अजून लव येत नाही.

आग विझली आणि सगळे एक क्षण उभे राहिले. लोकांना कुणीतरी हवा होता. मलाही. मी वाळूत पडलेला सुकाणूचा दांडा उचलला आणि वळलो. छगन गुडघ्यांवर बसलेला होता, हात वाळूनं भरलेले. त्यानं दांडा येताना पाहिला आणि कोपर आडवं घेतलं. हाड मोडल्याचा आवाज मात्र मला स्पष्ट आठवतो, सुका बांबू फोडल्यासारखा. पहिला घाव माझा. त्यानंतर सगळ्या वाडीचे. कुणी म्हणालं, नळी वाकडी बसवली यानं. कुणी म्हणालं, मुद्दाम केलं, तिकडच्या राज्याचा आहे. म्हण तिथंच जन्माला आली, त्या लाथांखाली.

नथूला बैलगाडीत घातला. मी त्याच्या डोक्याशी बसलो. गाडी हलायच्या आधी त्याचे ओठ हलले. मी कान खाली नेला. बाहेर छगनला मारत होते ते त्यालाही ऐकू येत असावं. तो म्हणाला, “दादा, त्याला सोडव. बोळा तुझा.”

मी खाली उतरलो. लोकांना ढकललं, शिव्या दिल्या, छगनला सोडवला आणि त्याच्या गावच्या एका गाडीत टाकला. सगळे म्हणाले, बघा, दामू तांडेलाचं काळीज. भाऊ जळाला तरी वैऱ्याला सोडवतो. मी ते ऐकून घेतलं. गाडीत परत चढलो. नथूनं माझ्याकडं पाहिलं. मी फक्त निम्मं केलं होतं, आणि ते त्याला कळलं. तिसऱ्या दिवशी डहाणूच्या दवाखान्यात तो गेला. मधल्या काळात माझ्याशी एक शब्द बोलला नाही. भाजल्यामुळं बोलत नव्हता असं आई म्हणायची.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी होडीच्या मोडलेल्या लाकडांत नळी शोधली. बदकाची मान तशीच होती. बोळा बाहेरून जळलेला, आतून घट्ट. माझं काम पक्कं असतं.

पुढं पाच-सहा वर्षं आमच्या किनाऱ्यावर कुणी छगनला काम दिलं नाही. तो चिकूच्या वाड्यांत विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करायला लागला असं कळलं. मीही इतकी वर्षं शिडावरच काढली. मग वारा मला हरवू लागला, सगळ्यांकडं इंजिनं आली, आणि मलाही नव्या होडीत इंजीन घालायचं ठरवावं लागलं. तेव्हा मी चालत उंबरगावला गेलो. इंजिनासाठी गेलो का त्याच्यासाठी, सांगता येत नाही. तो एका पडवीत बसून पाना फिरवत होता. उजवं कोपर वळत नव्हतं. सगळं काम डाव्या हातानं.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. बोळा मी मारला, भावानं विचारलं तरी काढला नाही, तुला धरून ठेवला तो मी, पहिला घाव माझा. त्यानं सगळं ऐकलं. मग उठला आणि डाव्या हातातला पाना माझ्या गळ्याच्या हाडावर घातला. मी खाली बसलो. हात मला उचलता आला असता. उचलला नाही, आणि आयुष्यात तेवढ्या एकाच माराचा मला अभिमान आहे. तो धापा टाकत होता. मग त्यानं विचारलं, “गाममां कह्युं?” गावात सांगितलंस का.

मी नाही म्हटलं.

“तो अहीं शुं काम आव्यो?”

तर मग इथं कशाला आलास. तो पुन्हा पाना फिरवायला बसला. पण मी उठेना. शेवटी म्हटलं, नव्या होडीत टाकी बसवायची आहे. तो आमच्या वाडीत पाय ठेवणार नव्हता, हे त्यानं थुंकून सांगितलं. मग माझ्याकडं न बघता त्यानं बोट काळ्या तेलात बुडवलं आणि पडवीच्या फरशीवर रेघा ओढल्या. ही टाकी, ओंडक्यांवर, हलता कामा नये. हे इंजीन, लांब. टाकी गळ्यापर्यंत भरायची नाही, चार बोटं रिकामी, तेल फुगतं. भरताना होडीत जिवंत निखारा नको. इंजीन सुरू करायच्या आधी सगळ्या फळ्या उघडायच्या, वारा आरपार जाऊ द्यायचा, तळाशी नाक लावायचं. पावसाळ्यात टाकी रिकामी करायची. आणि ही नळी, बाहेर, उंच, मान खाली. तिथं त्याचं बोट थांबलं. पुढचं तो बोलला नाही. ते त्यानं एकदा सांगितलं होतं.

माझी टाकी मी तशी बसवली. मग शेजाऱ्याची, मग साऱ्या वाडीची. गेल्या साठ वर्षांत आमच्या बंदरातली एकही होडी तेलानं पेटली नाही, आणि ते श्रेय लोक मला देतात. दर श्रावणात मी हातात नारळाच्या झावळीचा हीर घेऊन बंदरावर फिरतो आणि प्रत्येक नळीत घालून बघतो, आरपार जातो का. पोरं मला ‘नाकात काडी घालणारा म्हातारा’ म्हणतात. बाबा, आमच्या होडीला सर्दी नाही, म्हणतात. हसू देत. पण ज्याच्या अकलेवर त्यांच्या होड्या तरंगतात त्याच्या नावानं ते शिवी देतात, आणि ती शिवी मी त्यांच्या तोंडात ठेवली.

आईला मी सांगितलं नाही. ती छगनच्या नावानं बोटं मोडत मेली. छगन गेल्याचंही कळलं, पंचवीसेक वर्षांपूर्वी. तेव्हाही मी सांगितलं नाही. दर्याला भ्यालो नाही, बांबूला भ्यालो नाही, पण आपली माणसं माझ्याकडं नथूसारखं बघतील याला भ्यालो. मला अजूनही माफी मागता येत नाही. ती माझ्या तोंडाची सवय नाही. जे झालं ते मात्र सांगता येतं, आणि ते मी वर सांगितलं आहे.

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी माझ्या घरी यावं. नळी माझ्याकडं आहे, माळ्यावर जुन्या शिडाच्या घडीत ठेवली होती. काल उतरवून ओसरीवर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली आहे. बदकाची मान, तोंडात काथ्या. ओढून बघा, निघायचा नाही.

आणि यापुढं बंदरावर कुणाचं काम बिघडलं, कुणी अडेलपणानं घर पेटवलं, तर छगनचं नाव घेऊ नका. त्याची नळी चोख होती. दामूचा बोळा म्हणा.